कोऱ्या पत्राचा मायना

पत्र लिहायला बसलं की मजकुराच्या आधी मायना अडवतो. समोरचा आपला कोण लागतो हे पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं. वडीलधाऱ्याला ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, परक्या पण मानाच्या माणसाला ‘राजमान्य राजश्री’. मराठी पत्रांनी नात्यांची इतकी बारीक खाती पाडून ठेवली होती की मायना चुकला तर मजकूर वाचण्याआधीच घरात कुजबूज सुरू व्हायची. आमच्या आजोळी एका व्याह्यांच्या नावामागे ‘ती.’ लावायचं राहून गेलं, तर पुढच्या दोन दिवाळ्या तिकडून फराळाचा डबा आला नाही, असं आजी सांगायची.

त्यामुळे असेल, चांगदेवांची गोष्ट मला लहानपणीसुद्धा चमत्काराची वाटली नाही. वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन येणारे चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली भिंत हे सगळ्यांना पाठ असतं. माझ्या लक्षात राहिला तो त्याआधीचा प्रसंग. काळाला चुकवत चौदाशे वर्षं जगलेला हा योगी. शिष्यांचा गोतावळा मोठा, सिद्धी पायाशी लोळताहेत. आळंदीच्या चार भावंडांची कीर्ती कानावर आली, तेव्हा भेटीआधी पत्र धाडावं असं त्यांच्या मनात आलं. लेखणी उचलली आणि गाडी मायन्यावरच अडली. वय पाहावं तर ज्ञानदेव म्हणजे पोर, तेव्हा ‘चिरंजीव’ हवं. अधिकार पाहावा तर ‘तीर्थरूप’ म्हटल्यावाचून सुटका नाही. दोन्ही लिहवेना, म्हणून शेवटी कोरा कागदच पाठवला. मुक्ताबाईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, एवढी वर्षं जगून म्हातारा कोराच राहिला की! निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. ते उत्तर म्हणजे ‘चांगदेवपासष्टी’. ओव्या पासष्ट. काळ तेराव्या शतकाची अखेर. लिहिणारा विशीतला.

वर्षांच्या हिशेबात मी शिरत नाही. जळगाव जिल्ह्यात तापी आणि पूर्णा मिळतात तिथे चांगदेव नावाचं गाव आहे, जुनं देऊळ आहे, आणि ज्या मुलीनं त्यांना कोरा म्हटलं तिच्या नावाचं मुक्ताईनगर त्याच तालुक्यात आहे. पुढे चांगदेवांनी तिलाच गुरू केलं, असं परंपरा सांगते. मला एवढा पुरावा पुरतो.

मुक्ताबाईच्या त्या शेऱ्यात एक गंमत आहे. ‘कोरा’ म्हणजे ज्याच्यावर काही उमटलं नाही असा, हे खरं. पण आपण लुगडंही कोरं म्हणतो, मडकंही कोरं म्हणतो, बँकेतून आलेली नोटही कोरी असते. तिथे कोरेपणा म्हणजे अजून वापरानं न मळलेलं असणं. मुक्ताबाईनं पहिला अर्थ घेतला. ज्ञानदेवांनी दुसरा घेतला, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहतं. कारण ज्याला शिकवायचं आहे अशा अडाण्याला लिहावं तसं हे पत्र लिहिलेलं नाही. लिहिता येत नाही हे ज्याला कळलं आहे, अशा माणसाला ते लिहिलं आहे.

पत्राची सुरुवात मात्र चकवणारी आहे. ताम्रपट आणि शिलालेख ज्या शुभशब्दांनी सुरू होत त्यांनीच ते सुरू होतं, आणि लगेच वटेश्वराचं नाव येतं. वटेश्वर हे चांगदेवांचं आराध्य. म्हणजे मायन्याच्या जागी चांगदेवांना नमस्कार नाही की आशीर्वाद नाही. त्यांच्या देवाचं नाव आहे, आणि तो देव कसा, तर लपतो तेव्हा जग दिसतं आणि प्रकट होतो तेव्हा जगाला गिळून टाकतो. लपाछपीचा खेळ पहिल्याच ओवीत मांडला गेला. चांगदेवांचं नाव कुठे आहे? आपण वाचत राहतो आणि ते येतच नाही. दहा ओव्या झाल्या, वीस झाल्या, तीस झाल्या. पत्र ज्याला लिहिलं त्याचाच पत्ता नाही.

हा पहिला भाग कोरडा वाटतो, हे आधीच कबूल करतो. पाहणारा, दिसणारं आणि पाहणं या तिघांना मिळून जी त्रिपुटी म्हणतात, तिचा तो विचार आहे. ही तीन मुळात तीन नाहीत, एकच जाणीव तीन तोंडांनी बोलते, असं सांगायचं आहे. आणि ते सांगण्यासाठी दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात. सगळे सारखे उतरलेले नाहीत. परमाणूंचा समूह पृथ्वी झाला तरी वाया गेला नाही, हा दृष्टान्त बुद्धीला पटतो पण डोळ्यांपुढे काही उभं करत नाही. सोनं आणि दागिना हा तर तेव्हाही जुनाच असावा. पण मधेच लुगडं येतं. लुगडं हे नुसतं नाव, उघड्या डोळ्यांना दिसतं ते सूतच. पुढे गुळाची ढेप येते. ढेपेचा आकार मोडला म्हणून गोडीचा तुकडा पडत नाही. घडी घातलेलं वस्त्र येतं, आणि घडी म्हणजे वस्त्राहून वेगळं काय असतं? सुताची गुंडी येते, तिच्यात आतलं सूत आणि बाहेरचं सूत असा भेद नाही. आणि पाणी. लाटांची चोळी अंगावर असूनही पाणी उघडंच आहे, ती फेडावी लागत नाही. वेदान्ताच्या पोथीत ही चोळी कुठून आली असं वाटून मी पहिल्यांदा वाचताना थांबलो होतो. आळंदीच्या ज्या भावंडांना गावानं घरात घेतलं नाही, त्यांतला एक जण अद्वैत सांगताना सामान काढतो ते सगळं घरातलं: माजघरातलं, स्वयंपाकघरातलं, दांडीवर वाळत घातलेलं.

या भागात एक दृष्टान्त आहे, त्याच्यासाठी उरलेले सगळे सोसावेत असा. डोळ्याला सगळं दिसतं, स्वतःचं बुबुळ तेवढं दिसत नाही. तिथे तो असमर्थ. तसाच, ज्याचं रूपच ज्ञान आहे तो आत्मज्ञानाच्या बाबतीत दुबळा.

‘दुबळा’ हा शब्द ज्ञानदेवांचा. आत्मा म्हटलं की आपल्याला मोठमोठी विशेषणं ऐकायची सवय असते: नित्य, शुद्ध, बुद्ध, मुक्त. इथे त्याच आत्म्याला गावातल्या एखाद्या गरीब कुळवाड्यासारखं दुबळं म्हटलं आहे. आणि त्यात कुचेष्टा नाही. ज्याच्या उजेडात सगळं दिसतं त्याच्यावर उजेड टाकायला दुसरा दिवा नसतो, एवढंच ते साधं म्हणणं आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला हेच विचारतात, जाणणाऱ्याला कशानं जाणायचं? पण तिथे तो घरदार सोडून निघालेल्या ऋषीचा भारदस्त प्रश्न आहे. इथे एक शब्द असा पडतो की प्रश्नाची भीती जाते आणि थोडी मायाच वाटते.

आत्मपरीक्षणाचा सगळा उद्योग या एका ओवीवर येऊन ठेचकाळतो. मी पंधरा-सोळा वर्षं रोजनिशी लिहिली. ‘आज स्वतःकडे नीट पाहिलं’ अशा छापाची वाक्यं तिच्यात ढिगानं आहेत. मध्यंतरी घर बदलताना त्या वह्या पुन्हा चाळल्या. रागाचं वर्णन आहे, पण लिहिताना राग उरलेला नव्हता. पश्चात्ताप आहे, पण त्याला छानपैकी वळण दिलेलं आहे. ज्यानं पाहिलं तो प्रत्येक पानावर बाजूला सरकून बसला आहे आणि ज्याला पाहिलं तो बिचारा भलताच कुणीतरी आहे. वाईट वाटलं, त्याहून जास्त हसू आलं. त्या वह्या रद्दीत घातल्या नाहीत, पण आता त्या माझ्या म्हणून वाचत नाही.

ही अडचण युरोपातल्या लोकांनाही छळत होती. ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंतानं एकोणिसाव्या शतकात आक्षेप घेतला की विचार करणारा माणूस स्वतःचे दोन भाग करू शकत नाही, एक विचार करणारा आणि दुसरा त्याच्यावर नजर ठेवणारा. पुढे १८९० साली विल्यम जेम्सनं मानसशास्त्रावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात मनाच्या वाहत्या अवस्था पकडू पाहणाऱ्याची तुलना अंधार कसा दिसतो ते बघायला झटकन गॅसचा दिवा मोठा करणाऱ्या माणसाशी केली. तुलना इतकी नेमकी आहे की एकदा वाचली म्हणजे विसरत नाही. पासष्टीत तिची सख्खी बहीण आहे. झोप कशी असते हे जागं राहून बघायला बसलेला माणूस. झोप दिसेल तेव्हा बघणारा उरणार नाही आणि बघणारा उरेल तोवर झोप यायची नाही.

जेम्सचा दृष्टान्त जिथे संपतो तिथून ज्ञानदेव एक पाऊल पुढे टाकतात. झोपेच्या ओवीला लागूनच अंधाराची ओवी आहे. अंधारात सूर्यप्रकाश नाही, स्वतःचा हातही दिसत नाही, पण म्हणून ‘मी आहे’ हे काही जात नाही. आमच्या गावी भारनियमनाच्या दिवसांत रोज संध्याकाळी दिवे जायचे. सगळे मेणबत्ती शोधायचे, काडेपेटी शोधायचे, आजोबा चष्मा शोधायचे. ‘मी कुठे आहे’ म्हणून कुणी चाचपडल्याचं आठवत नाही. अंधार बघायला दिवा लागतो हा जेम्सच्या माणसाचा समज. अंधारात स्वतःला बघायची गरजच नव्हती, हे ज्ञानदेवांचं उत्तर. दिसणं आणि असणं यांच्यात फट आहे, आणि आत्मज्ञान त्या फटीच्या पलीकडच्या बाजूला आहे.

पण मी थोडा पुढे गेलो. या ओव्या येतात तोवर पत्रात एक मोठी गोष्ट घडून गेलेली असते, ती सांगायला हवी.

निम्मं पत्र संपल्यावर ज्ञानदेव एकदम चांगदेवांकडे वळतात. इतका वेळ ‘तो असा, तो तसा’ चाललं होतं. आता ‘तू’ आला. वटेश्वराचा तू पुत्र, कापराचा कण जसा कापूरच. आणि हाक कशी, तर ‘चांगया’. चौदाशे वर्षांच्या तपस्व्याला, ज्याच्यापुढे भलेभले वाकतात त्याला, ‘चांगया’! आईनं अंगणातून मुलाला हाक मारावी तसं. कोऱ्या कागदावर ‘चिरंजीव’ लिहायला म्हातारा कचरला होता. पोरानं त्याला चिरंजिवाहून धाकटं करून टाकलं. पण तेवढंच नाही. थोड्याच ओव्यांत ‘चक्रपाणी’ अशीही हाक येते, म्हणजे एकदम देवाच्या जागी. आणि या दोन हाकांनंतर, अगदी आतल्या गोटात शिरल्यासारखा, तिसरा शब्द येतो. ज्ञानदेव त्यांना ‘सखा’ म्हणतात.

मायना इथे आहे. पत्राच्या माथ्यावर नाही, पत्राच्या पोटात. तीर्थरूप आणि चिरंजीव यांच्यात चांगदेव अडकले कारण दोन्ही शब्दांत एक वर असतो आणि एक खाली. सखा या शब्दात वरखाली नाही. पण तो शब्द पहिल्या ओळीत लिहिता आला नसता, कारण सखा हे नातं आयतं मिळत नाही, ते मजकुरातून व्हावं लागतं. तोवरच्या सगळ्या ओव्या, मला कोरड्या वाटलेल्या त्याही, या एका शब्दापर्यंत येण्यासाठी खर्ची पडल्या आहेत. लुगडं आणि सूत, घडी आणि वस्त्र हे सगळं सांगून झाल्याशिवाय ‘तू आणि मी’ यांच्यातला थोरला-धाकटा पुसला गेला नसता. मला या कवितेतली सर्वांत मोठी कारागिरी वाटते ती हीच. तत्त्वज्ञान आधी आणि प्रेम मागून असा हा क्रम नाही. प्रेमाचा मायना शोधण्यासाठी केलेलं ते तत्त्वज्ञान आहे.

सखा म्हटल्यावर काय होतं? भेटीची ओढ लागेल असं कुणालाही वाटेल. ती लागतेच, जीव आनंदतो असं ज्ञानदेव म्हणतात. आणि लगेच म्हणतात, भीती वाटते. कशाची? भेट आधीच झालेली आहे, ती या भेटीनं विस्कटेल याची. तुला बघायला निघावं तर मन रूप घेऊ पाहतं, आणि मनानं रूप घेतलं की दर्शनाला बाध येतो.

या दोन ओव्यांवर मी किती वेळा रेंगाळलो असेन. आवडत्या लेखकाला भेटायला जाताना, खूप वर्षांनी जुन्या मित्राच्या दारावर उभं राहताना हात कडीवर थबकतो, तो हा क्षण. आतला माणूस आपल्याजवळ आहेच. आता दार उघडलं की त्याचं टक्कल दिसेल, त्याला आपलं पोट दिसेल, ‘बस बस, पाणी घे’ होईल, आणि जे होतं ते जरा दूर जाईल. माझं उदाहरण घरगुती आहे आणि ज्ञानदेवांची भीती फार खोलची, हे मला कळतं. पण ओवीतला थरथराट ओळखीचा आहे. ब्रह्मज्ञानाच्या पत्रात एक ज्ञानी भीती वाटते म्हणतो. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर ही कबुली खोडून टाकली असती.

भीतीनंतर मीठ येतं. पाण्याची खोली मोजायला मिठाचा खडा आत उतरला. तोच उरला नाही, आता पाण्याचं माप कोण घेणार? हा दृष्टान्त पुढे इतक्यांनी वापरला की आता तो ऐकताना कान जागे राहत नाहीत. त्याला पुन्हा जागं करायचं तर ओवीचा घाट पाहावा. ज्ञानदेवांच्या ओवीत तीन चरणांना यमक असतं आणि चौथा आखूड, यमकाविना. पहिल्या तीन पायऱ्या सारख्या उंचीच्या, चौथी अर्धवट. मिठाचा खडा पहिल्या तीन पायऱ्यांवर उतरत जातो: थांग, शिरणं, नाहीसं होणं. मापाचा प्रश्न चौथ्या आखूड चरणावर येतो आणि पायाखाली काही उरत नाही. पायरी आहे असं समजून अंधारात पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तसं वाचताना होतं.

हीच खुबी आणखी एका ठिकाणी आहे. तुला शोधायला गेलो आणि तुझं तूपण माझ्या मीपणासकट गिळलं गेलं, हे तीन चरणांत सांगून चौथ्यात फक्त एवढंच येतं की भेट उरली. भेटणारे दोघेही गेले आणि भेट मात्र शिल्लक राहिली. व्याकरणाला हे चालणार नाही. क्रियेला कर्ता लागतो. प्रवचनकार इथे नेहमी ‘म्हणजेच अद्वैत’ असं म्हणून पुढच्या ओवीकडे वळतात, त्यांचा मला राग येतो. अद्वैतात काहीच उरत नाही असं वाटून माणसं त्याच्याकडे पाठ फिरवतात, आणि इथे ज्ञानदेव स्पष्ट सांगताहेत की उरतं, आणि जे उरतं ते अगदी दोघांतलं असतं. एकट्याच्या समाधीत उरणारं काही त्यांनी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी.

चांगदेव हे एकट्याच्या साधनेचं टोक आहेत. श्वास कोंडून, काळ टाळून, चौदाशे वर्षं स्वतःपाशी बसलेला माणूस. स्वतःला ओळखायला एवढा वेळ पुरायला हरकत नव्हती. तरी पत्राच्या पहिल्या ओळीत काय लिहावं ते त्यांना कळेना, कारण ‘तू माझा कोण’ हा प्रश्न त्यांना आजवर पडलाच नव्हता. ज्ञानदेवांच्या उत्तरात ‘डोळे मीट आणि आत बघ’ असा उपदेश कुठेच नाही. त्यांच्या प्रतिमा पाहाव्यात. तू माझं बोलणं ऐकणं म्हणजे तळहातानं आपल्याच तळव्याला मिठी मारणं. बोलण्यानंच बोलणं ऐकावं, चवीनंच चव चाखावी. सोन्याचा कस सोन्यावरच लावावा. मुखानं मुखाला आरसा व्हावं. या सगळ्यांत दोन टोकं आहेत, देवाणघेवाण आहे, आणि तरी परकं कुणी नाही. तळहाताची मिठी करून पाहावी. हात मिटतो तेव्हा बोटं तळव्याला भेटतात. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती मूठ दिसते.

आरसा या पत्रात पुन्हा पुन्हा येतो. त्या काळचा आरसा धातूचा. घासून पुसून लखलखीत ठेवायचा, दुर्लक्ष केलं की काळवंडणारा. बेलूरच्या चेन्नकेशव देवळावर हातात गोल आरसा धरलेली दर्पणसुंदरी आहे, ती ज्ञानदेवांच्या आधीच्या शतकातली. ती आरशात हरवली आहे. ज्ञानदेव आधीच्या भागात आरशाबद्दल जरा नाराजच आहेत. आरशाच्या आधीही मुख मुखाच्या जागीच होतं, आरशानंतरही तिथेच असतं. मधे आरसा आला आणि उगाचच आपण पाहिलं असं वाटायला लागलं. म्हणजे आरसा दाखवतो कमी, फसवतो जास्त. मग शेवटाकडे तोच आरसा मानानं परत कसा येतो?

कारण आता आरसे दोन आहेत, आणि त्यांना डोळे आहेत. ज्ञानदेव आणि चांगदेव म्हणजे एकमेकांकडे पाहणारे दोन आरसे. पाहता पाहता दोघांतला भेद सुटला.

केशकर्तनालयात समोर एक आणि पाठीमागे एक आरसा असतो. खुर्चीत बसलं की आपली मुंडकी एकामागे एक अशी दूरवर रांग लावून बसलेली दिसतात, शेवटची हिरवट धूसर. लहानपणी मी ती मोजायचा प्रयत्न करायचो आणि न्हावी मान सरळ करायचा. आत्मशोधाचं माझं चित्र बरीच वर्षं तसंच होतं: मी, माझ्याकडे बघणारा मी, त्याच्याकडे बघणारा मी. ती रांग संपत नाही, कारण मधे डोकं आहे. दोन्ही आरशांना बिचाऱ्यांना एकमेकांना बघताच येत नाही, माझं डोकं आड येतं. खुर्ची रिकामी झाल्यावर त्या दोन आरशांत काय दिसत असेल हे मला कधी पाहता आलेलं नाही, आणि येणारही नाही. बघायला वाकलो की पुन्हा डोकं मधे. ज्ञानदेवांच्या ओवीत ते डोकं निघालेलं आहे. आरसा आरशाकडे बघतो. तिथे रांग नाही.

त्याच्या पुढच्याच ओवीत ते आणखी एक धीट गोष्ट करतात. जो कुणी या ओव्यांना आरसा करील त्यालाही हे सुख मिळेल, असं म्हणतात. आत्तापर्यंत चांगदेवांच्या नावाचं असलेलं पाकीट असं अचानक सगळ्यांना उघडं होतं. सातशे वर्षांनंतर पलंगावर लवंडून चष्मा लावून वाचणाऱ्या माझ्यासारख्याच्या हातातही तो कागद येतो, आणि मला पहिला प्रश्न पडतो तो चांगदेवांचाच. मी यांना काय म्हणू? वयानं ते माझ्या मुलापेक्षा लहान. महाराष्ट्र त्यांना माउली म्हणतो. खुद्द त्यांनी या पत्रात माउली म्हटलं आहे ते आपल्या थोरल्या भावाला. चांगदेवांचं निमित्त करून निवृत्तिनाथांनी हे स्वानुभवाचं गोड खाजं मला लोभानं भरवलं, असं ते सांगतात. सबंध पत्र संपत आलं तेव्हा कळतं की पत्र लिहिणारा स्वतःच कुणाच्या तरी हातून खातो आहे. चांगदेवांना शिकवण्याचं निमित्त, आणि खाऊ याला. निवृत्तिनाथांनी त्या कोऱ्या कागदावर उत्तर लिही म्हटलं ते कुणासाठी, हा प्रश्न इथे उलटा फिरतो.

पत्राच्या शेवटी आपण लिहितो, ‘कळावे, लोभ असावा’. लोभ या पत्रात आहे, तो खाज्याबरोबर आला. ‘कळावे’ मात्र कुठे सापडत नाही. त्याच्या जागी, शेवटून दुसऱ्या ओवीत, ज्यांच्या नावातच ज्ञान आहे ते ज्ञानदेव एकामागून एक तीन वेळा म्हणतात की कळत नाही: जे नाही ते काय आहे, दिसतं ते कसं दिसतं, आहे ते आपोआप कसं होऊन जावं. त्यानंतरच्या ओवीत झोपेच्या पलीकडची झोप आहे आणि जागेपणाला गिळून बसलेला जागेपणा आहे, आणि खाली सहीसारखं त्यांचं नाव.